घरची ओळ

साल २०१८. पातूर-अकोला रस्त्याचं काम त्या वर्षी चालू होतं आणि बत्तीस किलोमीटरला एसटी दीड-दोन तास घ्यायची. त्या धुळीतून ज्यांनी ये-जा केली, त्यांना हे साल मुद्दाम लक्षात ठेवावं लागत नाही.

सहदेव निलखनांची मुलगी प्रतीक्षा तेव्हा अमरावतीला एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षात होती. विषय प्राणिशास्त्र, आणि त्यातही तिने निवडलेला भाग परिसंस्थाशास्त्र आणि उत्क्रांती. हे नाव पातुरात कोणाला समजावून सांगायचं तिने सोडून दिलं होतं. सुट्टीत घरी आली की गल्लीतल्या बाया विचारायच्या,

"डॉक्टर होशीन का मंग?"

"नाई."

"मास्तरीण?"

"माहीत नाई."

"मंग कायचं शिकून राहिली वं तू एवढे वर्ष?"

"किडे काहून मरत नाईत, ते."

बाया पदर तोंडाला लावून हसायच्या. प्रतीक्षाही हसायची, पण तिने दिलेलं उत्तर खरंच होतं.

निलखनांचं तीन एकर ओलिताचं वावर गावाबाहेर नाल्याच्या काठाला होतं. सांबार म्हणजे कोथिंबीर, मेथी, थोडा झेंडू आणि मुख्य म्हणजे वांगी. वावर सहदेवाच्या नावावर असलं तरी राज्य चालायचं ते त्याच्या थोरल्या बहिणीचं, माणिकबाईचं. माणिकबाई लग्नानंतर चारच वर्षांत विधवा होऊन माहेरी आली होती आणि तेव्हापासून पन्नास वर्षं त्या वावराच्या बांधावरून तिचा शब्द खाली पडला नव्हता. विहिरीकडची वांग्याची पहिली ओळ ही तिची. तिला सगळे घरची ओळ म्हणायचे. त्या ओळीवर कधी औषधाचा पंप फिरायचा नाही आणि त्या ओळीतलं वांगं कधी बाजारात जायचं नाही. घरात खायचं ते तिथलं, पाहुण्याला द्यायचं ते तिथलं. चातुर्मासात बंद असलेलं वांगं चंपाषष्ठीला भरीत-रोडग्याच्या नैवेद्याने पुन्हा सुरू होतं, ते पहिलं वांगंही तिथलंच. पातुरातल्या भाजीवाल्यांच्या बहुतेक वावरांत पूर्वी अशी एक ओळ असायची.

"देवाच्या वांग्यावर जहर मारते का कोनी?" एवढंच माणिकबाई म्हणायची. याहून जास्त कारण तिला कधी लागलं नाही.

अर्थात त्या ओळीत कीड भरपूर. दहा वांगी तोडली तर सहा पोखरलेली निघायची. माणिकबाई विळीवर किडका भाग कापून फेकायची आणि उरलेल्याची भाजी करायची. लहानपणी प्रतीक्षा ते फेकलेले तुकडे गोळा करून त्यातली गुलाबी अळी काडीने बाहेर काढत बसायची. शिक्षणाची सुरुवात म्हणायची तर तीच.

कॉलेजात उत्क्रांती शिकवायला खोडके सर होते. सर विद्वान, यात शंका नाही. आवाज खणखणीत, फळ्यावरचं अक्षर छापल्यासारखं. त्यांनी एकदा धुराने काळ्या पडलेल्या झाडांवरच्या परदेशी पतंगांचा धडा शिकवला. पांढरे पतंग पक्ष्यांना दिसले आणि खाल्ले गेले, काळे वाचले, त्यांची पिल्लं वाढली, आणि पन्नास वर्षांत सगळी जमातच काळी दिसू लागली. वर्ग खाली मान घालून उतरवून घेत होता. प्रतीक्षाने हात वर केला.

"सर, आमच्या वांग्यातल्या अळीचंही असंच झालं असंन का? पहिले एका फवारणीत मरत होती, आता तिनातही मरत नाई. जे मेले नाईत त्यांचीच पिल्लं उरली असतील."

सर खडू हातात धरून थांबले. मग हसले.

"निलखन, तुमची अळी का मरत नाही ते मी सांगतो. तुमचे लोक औषधात पाणी जास्त घालतात. एक पंपाचं औषध दोन पंपांना पुरवतात. त्याला उत्क्रांती म्हणत नाहीत, त्याला कंजुषी म्हणतात."

वर्ग हसला. शेजारी बसलेली आचल हसली नाही. धामणगाव रेल्वे या गावच्या शेतकऱ्याची ती मुलगी. तिच्या घरीही हेच चाललं होतं. प्रतीक्षाच्या डोळ्यांसमोर बाप आला. बाटलीचं झाकण डोळ्यांसमोर धरून, वाऱ्याकडे पाठ करून, रेषेपर्यंत औषध भरणारा सहदेव. एक थेंब सांडला तर चुकचुकणारा. त्याने पाणी जास्त घातलं म्हणे!

ती उठून म्हणाली, "मोजून दाखवते, सर."

"काय?"

"अळी. तुमच्या समोर, मापाचं औषध टाकून. माझ्या प्रबंधाचा विषय हाच घेते."

सरांना ते आव्हान आवडलं असावं. त्यांना खात्री होती की मापाच्या औषधाने अळ्या पटापट मरतील आणि मुलगी आपसूक गप्प बसेल. त्यांनी तिथल्या तिथे होकार दिला. विभागाचा नियमही सांगितला: प्रयोगाच्या तीन फेऱ्या, तीन वेगळ्या वेळच्या तोडणीतल्या अळ्यांवर. एकही वावर सुटलं तर ती फेरी बाद. तीन रकाने भरले तरच प्रबंध.

काम तसं साधं होतं. पातुरातल्या बारा वावरांतून किडकी वांगी आणायची. अळ्या काढून सारख्या आकाराच्या निवडायच्या. वांग्याच्या चकत्या मापाच्या औषधात बुडवून वाळवायच्या आणि त्यांवर अळ्या सोडायच्या. दोन दिवसांनी एकेका अळीला बारीक ब्रशने हळूच शिवायचं. हलली तर जिवंत, नाही हलली तर मेली. साधं, पण ती वांगी पातूरहून अमरावतीपर्यंत न्यायची होती, दोन बस बदलून.

पहिल्याच खेपेला अकोल्याच्या स्टँडवर उभ्या बसमध्ये तिच्या पिशवीतून एक अळी रांगत बाहेर आली आणि शेजारच्या बाईच्या लुगड्यावर चढली. बाईने किंकाळी फोडली. कंडक्टर आला. त्याने पिशवी उघडून पाहिली आणि प्रतीक्षाकडे वर-खाली बघितलं.

"काय हो ताई, अमरावतीले वांगे भेटत नाईत का?"

"भेटतात. किडके भेटत नाईत."

"किडके कायले पाह्यजेत?"

"शिकायले."

"म्हंजे मायबापानं शिकायले धाडलं अन् तुमी किडे वाहून राहिल्या?" तो मोठ्याने म्हणाला. अर्धी बस हसली. "मागं जाऊन बसा बाप्पा. अन् डबा आनत जा झाकनाचा."

पुढच्या खेपेपासून ती झाकणाचे बारा डबे न्यायला लागली. तोच कंडक्टर दिसला की दुरूनच ओरडायचा, "या, किडेवाल्या मॅडम, तुमची मागची शीट ठेवली हाये."

प्रयोगशाळेत आचल मदतीला असायची. ती वह्या भरायची आणि बडबड करायची. पहिली फेरी ऑगस्टच्या शेवटी झाली. बारा वावरांच्या अळ्या, मापाचं औषध, दोन दिवस. ब्रश हातात घेऊन प्रतीक्षा मोजायला बसली तेव्हा आचल म्हणाली, "पाह्य, सगळ्या गचकल्या असतीन, अन् सर पेढे वाटतीन."

सगळ्या गचकल्या नव्हत्या. पण गंमत अशी की सगळ्या जगल्याही नव्हत्या. सात वावरांतल्या अळ्यांना औषधाचं काहीच सोयरसुतक नव्हतं. शंभरातल्या साठ-सत्तर चकती खात बसलेल्या. उरलेल्या पाच वावरांत मात्र शंभरातल्या ऐंशीच्या वर मेल्या. त्या पाचांत निलखनांचं वावर होतं. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या दुसऱ्या फेरीत तोच प्रकार. तीच सात, तीच पाच.

"पाण्याचं काई नाई," आचल म्हणाली. "माप आपणच घेतलं. मंग या पाच वावरांतले किडे एवढे शहाणे काहून?"

"शहाणे कुठले. अडाणी म्हण. औषधानं मरून राहिले."

काय फरक होता? औषध त्याच दुकानातलं, रोपं त्याच नर्सरीतली, पाणी त्याच नाल्याचं. प्रतीक्षाने बारा वावरांचे नकाशे काढले, मातीच्या पुड्या बांधल्या, फवारणीच्या तारखा लिहून घेतल्या. काही जुळेना. दिवाळीत घरी आली तेव्हा माणिकबाई विहिरीपाशी वाकून निंदत होती. निंदता निंदता म्हणाली,

"नाल्यापल्याडच्या जानरावाची सून म्हणत होती, तुमच्या घरच्या ओळीतलं रोप द्या, आमची ओळ त मोडून टाकली. म्हणलं, काहून मोडली वं? त म्हणते, साहेबाचा कागद आला होता दहा वर्षापहिले. सगळं वावर फवारा, एकबी ओळ सोडू नोका."

प्रतीक्षा बांधावर उभी होती ती तशीच खाली बसली.

त्या दिवशी तिने जेवण केलं नाही. बारा वावरांच्या बारा घरी ती पायी गेली आणि प्रत्येक घरी एकच प्रश्न विचारला: तुमची घरची ओळ हाये का? पाच घरी हो, सात घरी नाही. आणि तेच पाच, तेच सात.

आता ते तिला लख्ख दिसलं. औषध मारल्यावर वाचतात ते चिवट. सगळं वावर फवारलं तर चिवटांची गाठ चिवटांशीच पडते आणि पिल्लं सगळी चिवट निघतात. पण विहिरीकडे एक ओळ औषधाशिवाय सोडलेली असेल तर तिथल्या अळ्यांचे साधे पतंग उडून येतात, चिवटांशी मिसळतात, आणि त्यांच्या पिल्लांना औषध पुन्हा लागू पडतं. माणिकबाईने देवासाठी सोडलेली ओळ पन्नास वर्षं अख्ख्या वावराची अळी साधी ठेवत आली होती. परदेशी पतंगांचा धडा इथे विहिरीच्या काठाला उलटा घडत होता.

"आत्या, तुझी ओळ म्हंजे शास्त्र हाये," तिने सांगितलं.

"मले ठाऊक हाये," माणिकबाई म्हणाली. "शास्त्रातच सांगतलं हाये नैवेद्याचं."

प्रतीक्षाने वाद घातला नाही.

अमरावतीला परत गेल्यावर ती थेट खोडके सरांकडे गेली. सर वह्या उलटत राहिले. मग त्यांचा चेहरा बदलत गेला, आणि तो का बदलला ते प्रतीक्षाला त्यांच्या डोक्यामागे भिंतीवर दिसलं. काचेच्या चौकटीत एक पत्रक होतं. दीड वर्ष ती त्या खोलीत येत होती, पण ते तिने कधी वाचलं नव्हतं. 'वांग्यावरील अळीचे संपूर्ण नियंत्रण. संपूर्ण शेत एकाच दिवशी फवारा. एकही ओळ सोडू नका.' खाली नाव डॉ. शेखर खोडके, साल २००८. तोच साहेबांचा कागद.

"दोन फेऱ्यांवर एवढी मोठी उडी मारू नये," सर म्हणाले. "तिसरी होऊ द्या. डिसेंबरमध्ये समिती तुमचं क्षेत्र बघायला येईल, त्या दिवशी आमच्यासमोरच वांगी तोडा."

आणि इथे जी चूक झाली, ती भाजीवाल्याच्याच घरी होऊ शकते.

कॉलेजचे साहेब आपल्या वावरात येणार म्हटल्यावर सहदेवाची झोप उडाली. आयुष्यात पहिल्यांदा अमरावतीहून प्रोफेसर लोक त्याच्या बांधावर उभे राहणार होते, तेही मुलीमुळे. त्याने बांध साफ केला, विहिरीच्या कठड्याला चुना लावला, झेंडूची झाडं बांधून घेतली. आणि नजर गेली ती घरच्या ओळीवर. किडकी, वाकडी, भोकं पडलेली वांगी. लोक काय म्हणतील? भाजीवाल्याने पाहुण्यापुढे किडका माल ठेवायचा? माणिकबाई आठवडाभर अकोल्याला दवाखान्यात भरती होती, ते दिवस त्याने साधले. चार दिवसांच्या अंतराने दोनदा, घरच्या ओळीसकट सगळ्या वावरावर पंप मारला, किडकी फळं तोडून नाल्यात टाकली. प्रतीक्षाला त्याने फोनवर सांगितलं नाही. तिला अचानक खूश करायचं होतं.

समिती आली ती जीपने. खोडके सर, सोबत दोघे. सहदेव टोपी घालून, हात जोडून उभा. त्याने सगळ्यांना थेट विहिरीकडे नेलं आणि छाती काढून म्हणाला, "पाहा साहेब. ही आमची घरची ओळ. एकबी किडकं वांगं दाखवून द्या, म्हणान ते हारतो."

प्रतीक्षाने एक वांगं उलटून पाहिलं. दुसरं पाहिलं. ओळीच्या शेवटापर्यंत गेली आणि परत आली. तिचा चेहरा उतरला.

खोडके सर चष्मा पुसत म्हणाले, "शेत तर उत्तम ठेवलंय. पण निलखन, अळीच नाही, तर प्रबंध कशावर?"

सोबतचे दोघे हसले. काय झालं ते सहदेवाला लेकीच्या चेहऱ्याकडे बघूनच कळलं. त्याने टोपी काढून हातात घेतली.

संध्याकाळी माणिकबाई दवाखान्यातून आली. ओळीपाशी जाऊन तिने एक पान चुरगळलं आणि नाकाशी धरलं. मग घरात येऊन भावापुढे उभी राहिली.

"सहद्या, कोनं मारलं?"

"म्यां मारलं, बाई. साहेब लोक येनार होते—"

"साहेबाले वांगं खायचं होतं का?"

चंपाषष्ठी आठवड्यावर होती. त्या वर्षी माणिकबाईने देवापुढे नुसते रोडगे ठेवले, भरीत ठेवलं नाही. आणि सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात देवाला सांगितलं, "यंदा तुह्या वांग्यावर माह्या भावानं जहर मारलं. पुढच्या साली देतो. राग धरू नोको, धरायचा त त्याच्यावर धर." दोन महिने ती भावाशी बोलली नाही.

जानेवारीत खोडके सरांनी प्रतीक्षाला बोलावलं. आवाज मऊ होता. दार लोटून घेतलं.

"हे बघा, हुशार आहात तुम्ही. वांग्याचा हंगाम तर संपला. वर्ष वाया घालवू नका. पहिल्या दोन फेऱ्यांचे आकडे जवळजवळ सारखे आहेत. त्यांची सरासरी काढा, तिसऱ्या रकान्यात टाका. कोण बघायला बसलंय? फक्त ते घरच्या ओळीचं प्रकरण काढून टाका. अळी चिवट झाली एवढंच ठेवा. मी सही करतो. पीएच.डी.ला माझ्याकडेच घेतो."

तिने भिंतीवरच्या चौकटीकडे पाहिलं. "आणि तुमचं पत्रक?"

"त्याचा इथे काय संबंध?"

"सगळा संबंध त्याचाच आहे, सर."

सरांचा मऊपणा गेला. "मग नापास व्हा. नियम सगळ्यांना सारखे."

वसतिगृहात आचलने डोक्यावर हात मारून घेतला. "भरून टाक ना पोरी. अर्ध्या वर्गानं तिसरी फेरी केलीच नाई, तुले काय वाटते? म्यां सोता माह्या प्रबंधात दोन बेडूक कमी मोजले."

"मले दिसून राहिलं होतं."

"मंग?"

"मंग काई नाई. तू बेडूक मोज. मी अळ्या मोजते."

घरी सहदेव सगळ्यांत जास्त खचला होता. "भर ना बाई तो रकाना. घाण म्यां केली, अन् वर्ष तुह्यं चाललं. दोन आकड्यांनी कोनाचं काय बिघडते?"

उत्तर माणिकबाईने दिलं. भावाशी ती अजून बोलत नव्हती, म्हणून तिने ते भिंतीला सांगितलं. "मागच्या दोन सालांवरून तिसऱ्या सालाचं पीक लिहून घेता आलं असतं, त आपन वावरात गेलो कायले असतो? घरीच बसून लिहिलं नसतं का?"

प्रतीक्षाने आधीच ठरवलं होतं. पण आत्याचं ते बोलणं ऐकून तिला बळ आलं, हेही खरं.

एप्रिलमध्ये सादरीकरण झालं. बाहेरून आलेल्या परीक्षक होत्या सत्यवती मॅडम, पांढऱ्या केसांच्या, बोलायला कडक. प्रतीक्षाने पडद्यावर तक्ता लावला. बारा वावरं, तीन रकाने. दोन भरलेले. तिसरा वरपासून खालपर्यंत कोरा. खोलीत कुजबुज झाली.

"हे काय आहे?" मॅडमनी विचारलं.

"तिसरी फेरी झाली नाही, मॅडम."

"का?"

"माझ्या वडिलांनी घरच्या ओळीवर औषध मारलं. समिती येणार म्हणून. त्यांना वाटलं, पाहुण्यांसमोर किडकी वांगी बरी दिसत नाहीत."

कोणीतरी खुदकन हसलं. मॅडम हसल्या नाहीत. "दोन फेऱ्यांचे आकडे एकमेकांना धरून आहेत. तुम्ही तिसऱ्याचा अंदाज देऊ शकला असता."

"अंदाज माझा असता, मॅडम. अळ्यांचा नसता. आणि त्या अळ्या मी मोजलेल्या नाहीत."

"तुमच्या मार्गदर्शकांनी काही सुचवलं नाही?"

खोडके सरांनी हातातलं पेन खाली ठेवलं. प्रतीक्षाने त्यांच्याकडे पाहिलं. एक वाक्य बोलली असती तर सरांची अब्रू तिथेच गेली असती. तिने ते वाक्य गिळलं. तिला सरांशी हिशेब मिटवायचा नव्हता, ओळ उभी करायची होती.

"सुचवलं," ती म्हणाली. "मी ऐकलं नाही. प्रबंधात पान एकतीसवर घरच्या ओळीचं सगळं लिहिलं आहे, ते मी काढणार नाही. रकाना भरला की पुन्हा येईन."

मॅडमनी पान एकतीस उघडलं. दोनदा वाचलं. मग शिक्का मारला: अपूर्ण. "नियमाप्रमाणे मी तुम्हाला उत्तीर्ण करू शकत नाही," त्या म्हणाल्या. "पुढच्या हंगामात या. बारा वावरं कमी आहेत. वीस करा."

प्रतीक्षा बाहेर आली. आचल धावत आली. "नापास झाली, अन् तोंड असं काहून करून राहिली, जसं मेडल भेटलं?"

"वीस वावरं सांगितली वं त्यांनी," प्रतीक्षा म्हणाली. "वीस सांगितली म्हंजे त्यांनी वाचलं."

पुढच्या हंगामात तिने वीस नाही, बावीस वावरं घेतली. खोडके सरांनी प्रयोगशाळेची किल्ली तिला मिळू दिली नाही. "तुमचं वर्ष संपलं," म्हणाले. मग निलखनांच्या पडवीत प्रयोगशाळा मांडली. काचेच्या बरण्यांना मलमलीचं कापड, सहदेवाच्या हातचं मापाचं औषध. त्यानेच आग्रह धरला होता, "माप मी घेतो, एक थेंबबी चुकनार नाई," आणि त्या कामात त्याचा हात डॉक्टरच्या हातासारखा स्थिर होता. माणिकबाई अळ्या निवडायची. तिच्या मोतीबिंदूच्या डोळ्यांनाही अळी लहान की मोठी ते पटकन कळायचं. गल्लीतल्या त्याच बाया दारातून डोकावून म्हणायच्या, "बाई, तुमच्या घरात किडे वळवून राहिल्या का शेवयासारखे?"

"हाव," माणिकबाई म्हणायची. "या जेवायले."

बावीस वावरांपैकी एकवीस वावरांत पूर्वीचाच हिशेब निघाला: ओळ तिथे अळ्या मेल्या, ओळ नाही तिथे जगल्या. एक उलटं गेलं. ते जानरावाचं. त्याने मागच्या दिवाळीनंतर सुनेच्या हट्टापायी घरची ओळ पुन्हा लावली होती, तरी अळ्या चिवटच राहिल्या. सहदेव म्हणाला, "हे एक सोडून दे, कोनाले दिसनार हाये?" आणि बोलता बोलता स्वतःच थांबला, मान खाली घातली. प्रतीक्षाने ते वावरही लिहिलं. एका वर्षाच्या ओळीने काम होत नसावं, किंवा शेजारचं मोठं वावर भारी पडत असावं. मला माहीत नाही, असं तिने प्रबंधात सरळ लिहिलं. तिसरा रकाना भरला आणि २०१९च्या डिसेंबरात ती पुन्हा अमरावतीला गेली. खोडके सरांनी सही केली. करावीच लागली. सत्यवती मॅडमनी शंभरातले त्र्याहत्तर दिले. जानरावाच्या वावरासाठी त्यांनी समासात बरोबरची खूण केली होती.

त्यानंतरचं सांगायचं तर असं.

खोडके सर दोन वर्षांनी सेवानिवृत्त झाले. ते पत्रक त्यांनी मागे घेतलं नाही, पण जाताना चौकट घरी घेऊन गेले. दिवाळीला प्रतीक्षाला शुभेच्छांचा संदेश पाठवतात, तीही पाठवते. सत्यवती मॅडम नागपूरकडे असतात, डोळे गेलेत, तरी प्रबंध दुसऱ्याकडून वाचून घेतात आणि पूर्वीइतक्याच मोकळ्या हाताने नापास करतात. आचल बँकेत लागली, धामणगावच्याच शाखेत. बेडकांविषयी कोणी विचारलं तर विषय बदलते. जानरावाच्या वावरातल्या अळ्या तिसऱ्या वर्षी मरायला लागल्या. कशामुळे, त्यावर सासरा-सुनेचं अजून भांडण आहे. सहदेव आता गावातल्या पोट्ट्यांना औषधाचं माप शिकवतो आणि आपण एकदा काय घाण केली होती ते हसत सांगतो. हसायला त्याला चार वर्षं लागली. माणिकबाई ऐंशीची झाली. बांधापर्यंत काठी टेकत जाते, वाकवत नाही, पण तिथून हुकूम सोडते.

प्रतीक्षा अकोल्यात एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते. पीएच.डी.साठी तिने दोनदा अर्ज केला आणि दोनदा परत आला. विषय फार स्थानिक आहे, असा शेरा होता. तिसऱ्या वेळी मुलाखतीत एका साहेबांनी प्रेमाने समजावलं, बाई, एवढ्या हुशार आहात, विषय जरा मोठा घ्या, पातूर-पातूर काय लावलंय, आम्ही लगेच मार्गदर्शक देतो.

"विषय बदलणार का?" त्यांनी विचारलं.

"नाही," प्रतीक्षा म्हणाली, आणि पुढच्या प्रश्नाची वाट बघत ताठ बसून राहिली.